झिरमिळ्या निरुपद्रवी नाहीत



तुमच्या नाताळच्या सजावटीवरील लेखाने पॉइन्सेटिया या शोभेच्या झाडाला मांजरांचा काळ ठरवले आहे आणि चंदेरी झिरमिळ्यांना निरुपद्रवी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पॉइन्सेटियाच्या चिकाने तोंडाची आग होते, लाळ गळते, फार तर उलटी होते. त्याची प्राणघातक ख्याती १९१९ मधल्या हवाईतील एका बालमृत्यूच्या ऐकीव हकिकतीवर उभी आहे. खरी घातक लिली. तिची पाकळी, पराग, अगदी फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी करू शकते. लेखात तिचा उल्लेखही नाही.

मांजराने गिळलेल्या झिरमिळीचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते, दुसरे आतड्यात उतरते. आतडे ते पुढे ढकलू पाहते आणि नाडी ओढलेल्या नेफ्यासारखे चुण्या पडून गोळा होते. ताणलेला धागा मग त्याला आतून कापत जातो. जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्याने मांजराला तोंडातला दोरा थुंकणेही अवघड. शेपटीखाली लोंबणारे टोक ओढून काढण्याचा लेखातला सल्ला म्हणूनच जिवावर बेतणारा आहे. टोक तसेच ठेवून पशुवैद्य गाठावा.

मांजर नाताळचे झाड पाडते, एवढे लेखातले विधान मान्य. पण त्याला पळवण्यासाठी विजेच्या माळांजवळ पाण्याचे फवारे? झाडाचे बूड वाळूच्या बादलीत रोवावे, शेंडा तारेने खिडकीच्या गजाला बांधावा, काचेचे गोळे वरच्या फांद्यांना टांगावेत आणि रात्री माळांचा प्लग काढावा. झिरमिळ्या मुळात आणूच नयेत.

— एक वाचक, वसई