आधी गाव सांगा

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यायला उशीर झाला, की सारा राग चालकावर निघतो. पण चालकाला कुठे जायचे हे सांगणारा माणूस आपल्याला कधी दिसत नाही. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात, औंध येथे होता. म्हणजे सेनगावच्या वावरातून केलेला दूरध्वनी साडेतीनशे किलोमीटरांहून दूर बसलेल्या माणसाने घ्यायचा. त्याने ना आपली कयाधू पाहिलेली, ना आपली पांदण. कानावर येईल तेवढ्यावरून त्याने जागा ओळखायची.

आता पाहा. "औंढ्याहून बोलतोय," असे कोणी घाबरून म्हटले, तर औंधात बसलेल्या माणसाला काय ऐकू येईल? कळमनुरी तालुक्यात आखाडा बाळापूर आहे आणि अकोला जिल्ह्यातही एक बाळापूर आहे. आपण मात्र नुसते 'बाळापूर' म्हणून मोकळे होतो. बुद्रुक आणि खुर्द तर घाईत गळूनच पडतात.

मोबाइलवरून जागा आपोआप कळत नाही का? उपग्रहांचा संदेश घेणारा फोन उघड्यावर असला, तर काही मीटरांपर्यंत कळू शकते. साध्या बटणांच्या फोनचे तसे नाही. २जी पद्धतीत रेडिओलहरींना लागणाऱ्या वेळावरून मनोऱ्यापासूनचे अंतर काढता येते, पण तेही सुमारे ५५० मीटरांच्या टप्प्यांनी; दिशा तर ढोबळच. हाती येतो तो अर्धा किलोमीटर रुंदीचा एक वाकडा पट्टा. रात्री हळदीच्या शेतात साप चावलेला माणूस त्यात कुठे शोधायचा?

म्हणून माझे मत असे, की पत्ता सांगणे हा भूगोलाच्या तासाचा विषय झाला पाहिजे. नकाशात ॲमेझॉन नदी भरता येते, पण आपली वाडी अनोळखी माणसाला सांगता येत नाही, हे काही ठीक नाही. आधी जिल्हा, तालुका, गाव; मग कोणता रस्ता, कितवा किलोमीटरचा दगड, डावी बाजू की उजवी. आजार त्यानंतर. बोलणे मध्येच तुटले, तरी निदान गाडी निघेल. शेतकऱ्याला गट क्रमांक तोंडपाठ असतो, पण तो जमिनीवर लिहिलेला नसतो. ग्रामपंचायतींनी शेतरस्त्यांच्या तोंडाशी ठळक आकडे रंगवावेत आणि त्यांची यादी नियंत्रण कक्षाला द्यावी. यादी दिली नाही, तर रंग फुकट.

आणि पलीकडचा माणूस प्रश्न विचारतो म्हणून चिडू नये. २०१४च्या ९३७ गाड्यांपैकी प्रगत उपकरणांच्या गाड्या २३३च होत्या. श्वास चालू आहे का, शुद्ध आहे का, हे कळल्याशिवाय त्यांतली कुठे धाडायची, हे त्याने कसे ठरवावे?

शिक्षकांनी एका मुलाला तालुक्याचा नकाशा देऊन पाठमोरे बसवावे. दुसऱ्याने केवळ बोलून त्याचे बोट आपल्या घरावर आणून दाखवावे. किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून मोजा.