जुनी नाव, नवे यंत्र

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात होडी, इंजिन आणि पंखा यांची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल, आणि तो स्वाभाविक आहे. आपण कविता वाचतो, इतिहास शिकतो, 'परंपरा आणि नवता' यावर परिसंवाद भरवतो. परिसंवाद संपला की सतरंज्या गुंडाळून घरी जातो. परंतु परंपरा आणि नवता हा प्रश्न खरोखर हाताला लागतो, तो एखाद्या जुन्या लाकडी नावेत नवे इंजिन बसवताना. तिथे गोलमोल बोलून भागत नाही. जुने किती ठेवायचे आणि नवे किती आणायचे, हा हिशेब चुकला तर नाव पाणी घेते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे, आणि तो आपल्या विष्णुपुरीच्या जलाशयापुरता मांडणार आहे.

हौशी मासेमारीच्या नौकांत जगभर नाव झालेली नौका म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वेची 'पिलार'. त्याची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही १९५२ सालची कादंबरिका पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे मराठी वाचकाला परकी राहिलेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील व्हीलर यांच्या कारखान्यात १९३४ साली ही अडतीस फुटी लाकडी नौका तयार झाली. ठरावीक नमुन्याची नौका घेऊन हेमिंग्वेने तीत आपल्या कामापुरते फेरफार करून घेतले. मोठा मासा आत ओढणे सोपे जावे म्हणून मागची कड खाली घेतली आणि तिच्यावर लाकडी रूळ बसवला. इंजिने दोन होती. ७५ अश्वशक्तीचे थोरले लांबच्या पल्ल्यासाठी आणि ४० अश्वशक्तीचे धाकटे गळ टाकून सावकाश हिंडण्यासाठी. आणि गंमत पाहा, दोन इंजिनांच्या नौकेत बसणाऱ्या या लेखकाने अमर केला तो म्हातारा मात्र शीड-वल्ह्याच्या साध्या होडीत बसतो. त्याच कथेत मोटारबोटी घेतलेले तरुण कोळी समुद्राला पुरुष म्हणतात, प्रतिस्पर्धी मानतात. म्हातारा त्याला स्त्री मानतो. इंजिन आले की पाण्याशी असलेले नाते बदलते, हे हेमिंग्वेला नीट ठाऊक होते.

आज 'पिलार' कुठे आहे? हवानाजवळच्या त्याच्या जुन्या घराच्या आवारात, टेनिसच्या मैदानाच्या जागी, छपराखाली उभी आहे. तिची डागडुजी झाली आहे, प्रवासी लांबून पाहतात, छायाचित्रे काढतात. पण ती पाण्यात नाही. दुसरीकडे, मूळ व्हीलर घराण्यातील वारसांनी तिच्याच धर्तीची 'लेजंड' नावाची नवी नौका अमेरिकेतील मेन राज्यात बांधून घेतली. ती २०२० साली पाण्यात उतरली. बाह्य रूप १९३४ चे, पोटात मात्र आजची डिझेल इंजिने. एक जुनी खरी, पण जमिनीवर. दुसरी पाण्यात, पण जुनी नव्हे. जुन्या वस्तूचे काय करावे याची ही दोन उत्तरे झाली.

तिसरे उत्तर आपल्या मराठवाड्याशी जवळचे आहे. अजिंठ्याच्या भिंतीवरील पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून भारतीय नौदलाने एक शिवलेले जहाज सिद्ध करविले. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, फटी भरायच्या, राळ लावायची; लोखंडी खिळ्यांवर सांधे ठेवायचे नाहीत. केरळच्या कारागिरांनी गोव्यात बांधलेले हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते शिडावर पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. त्याला इंजिन नाही, आणि तेच त्याचे प्रयोजन आहे. ज्यांनी भिंतीवरचे चित्र पंधराशे वर्षांनी पाण्यावर आणले त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. तथापि असा प्रयोग एखादे राष्ट्र करू शकते. एखादे गाव नव्हे.

गावाने काय करावे याचे उत्तर कोकणाने कधीच दिलेले आहे, मात्र त्याचा गाजावाजा झाला नाही. सातपाटी, अर्नाळा, वेसावे येथील नावा मुळात शिडाच्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सरकारी कर्जे आणि सहकारी संस्था यांच्या आधाराने त्यांच्यात डिझेल इंजिने बसू लागली. नाव तीच, तिचा बांधा तोच. मागच्या बाजूला पंख्याची सोय झाली आणि शीड बराच काळ अडीअडचणीला सोबत राहिले. वारा पडला की अडकून राहणारा कोळी आता वेळेवर बंदराला येऊ लागला, मासा ताजा पोचू लागला. अर्थात पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. इंजिनांमागून ट्रॉलर आले, जाळी मोठी झाली आणि लहान मच्छीमाराच्या वाट्याचा मासा कमी झाला. यंत्र हे फक्त नावेत बसत नाही; ते धंद्यात, पाण्यात आणि माणसांमाणसांत बसते. म्हणून ते बसवण्याआधी विचार हवा.

हा विचार नावेच्या शरीरापासून सुरू होतो. जुन्या नावेचे काम काढले की बहुतेकांचे डोळे आधी इंजिनाकडे जातात. किती अश्वशक्ती, किती वेग? जाणता मिस्त्री आधी तळाचा कणा पाहतो, मग बरगड्या, मग फळ्या. टोच्या टोचून लाकूड कुठे भुसभुशीत झाले आहे ते शोधतो. गंजलेला खिळा आजूबाजूचे लाकूडही खातो, म्हणून नुसती फळी बदलून चालत नाही. फटींत कापूस ठासावा लागतो. कोरडी पडलेली नाव पाण्यात सोडली की सुरुवातीला गळते. लाकूड पाणी पिऊन फुगले की सांधे आपोआप आवळले जातात. ज्याला हे ठाऊक नाही तो पहिल्याच दिवशी घाबरून नाव मोडीत काढतो.

इंजिनाची गोष्टही अशीच. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर वीस फूट लांबी असेल तर तासाला सहा सागरी मैल, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, हा तिचा सहज वेग. त्यापुढे दुप्पट ताकदीचे इंजिन लावले तरी वेग दुप्पट होत नाही. मागची बाजू खाली बसते, लाटा उठतात आणि पैसा पाण्यात जातो. इंजिनाचे वजन कुठे येते, त्याचा पाया बरगड्यांवर भार कसा वाटून देतो, शाफ्ट सरळ रेषेत आहे की नाही, हे सारे पाहावे लागते. लाकडी नाव काठावर एका आकारात असते आणि पाण्यात किंचित निराळ्या. म्हणून शाफ्टची शेवटची जुळणी नाव पाण्यात सोडल्यावरच करायची असते. नवे बसवायचे तर जुन्याला आपल्या जागी स्थिर होऊ द्यावे लागते, हे वाक्य मी परिसंवादात कधी ऐकले नाही.

आता विष्णुपुरीकडे येऊ. गोदावरीवरचा हा प्रकल्प उपसा सिंचनाचा. पंपांनी पाणी उचलून कालव्यात टाकायचे. जलाशयाला शंकरराव चव्हाण यांच्या नावावरून शंकरसागर म्हणतात. काठावर काळेश्वराचे मंदिर आहे, विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढे विद्येचे माहेरघर काठावर असताना पाण्याशी आपला संबंध काय? पुराच्या बातम्या वाचायच्या, दरवाजे उघडले की पुलावर गर्दी करायची, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची. पाण्यावर खरा वावर आहे तो भोई बांधवांचा. रोहू, कटला, मरळ, वाम कुठे सापडते, वारा कुठून उठतो, पाणी कुठे फसवे आहे, हे त्यांना पाठ आहे. काठाने चालताना उलट्या घातलेल्या होड्या दिसतात. त्यांतल्या काही पुन्हा पाण्यात जाणार नाहीत, हे त्यांच्या फळ्यांकडे पाहूनच कळते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की अशी एखादी जुनी लाकडी होडी रीतसर विकत घेऊन, दुरुस्त करून, गळाने हौशी मासेमारी करणाऱ्यांसाठी आणि जलाशय पाहू इच्छिणाऱ्यांसाठी पाण्यात आणावी. आणि तिला डिझेल किंवा पेट्रोलचे नव्हे, तर विजेचे यंत्र बसवावे.

विजेचेच का? कारण शंकरसागरचे पाणी नांदेड शहर पिते. दोन-फेरी पेट्रोल इंजिनात तेलमिश्रित इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो आणि तो थेट पाण्यात जातो. डिझेल इंजिनाच्या तळाशी साचलेले काळे पाणी कुणीतरी केव्हातरी उपसून जलाशयातच ओततो. समुद्रात हे खपून गेले, म्हणून पिण्याच्या पाण्यात खपवून घेता येणार नाही. शिवाय गळ टाकणाऱ्याला हवा असतो सावकाश वेग आणि शांतता. 'पिलार'च्या धाकट्या इंजिनाचे जे काम होते ते विजेची मोटर आवाज न करता करते. हे स्वप्नरंजन नव्हे. केरळात वैक्कम येथे 'आदित्य' ही पंचाहत्तर उतारूंची सौरशक्तीवरील नौका २०१७ पासून चालते आहे. आणि मोटर दुरुस्त करणारा माणूस आपल्याला परगावाहून आणावा लागणार नाही. शेतपंपांमुळे आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगची दुकाने आहेत. बॅटरीचे वजन तळाशी नीट बांधून ठेवले तर होडी स्थिरच होते. मात्र बॅटरी भरताना निघणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट हवी, आणि तारांना पाणी लागता कामा नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की लाकडी होडीचे एवढे कौतुक कशाला? फायबरची होडी घ्या, तिला कापूस नको, तेलपाणी नको. हा आक्षेप खरा आहे. ज्याचे पोट रोजच्या माशावर आहे त्याने फायबरची होडी घेतली तर तो शहाणाच म्हटला पाहिजे. आपल्या सौंदर्यदृष्टीचा खर्च भोयाच्या खिशातून काढण्याचा आपल्याला अधिकार नाही. जुने जपण्याची हौस ज्याला आहे त्याने तिचे मोल द्यावे. म्हणूनच मी रोजच्या मासेमारीची नव्हे, हौशी मासेमारीची नाव सुचवतो. हौस करणारा पैसे मोजू शकतो, आणि ते पैसे मिस्त्रीच्या व नावाड्याच्या घरी जावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हौशी लोक आले की काठावरच्यांना हुसकावतील. तलावांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. गळ टाकणारा पाहुणा त्यांच्या संमतीवाचून येता कामा नये. नावेचे सुकाणू भोयाच्याच हाती असावे आणि उत्पन्नात संस्थेचा वाटा ठरलेला असावा. 'पिलार'चे नाव हेमिंग्वेमुळे झाले. परंतु वीसेक वर्षे ती सांभाळली, चालवली ती ग्रेगोरिओ फ्युएन्तेस या खलाशाने. अशा माणसाला कागदावर हक्क असावा, नुसते आठवणींत स्थान नसावे.

आणि एक गोष्ट सर्वांच्या आधी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटलेली नौदलाची एक नौका घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या उतारू नौकेवर आदळली आणि तेराहून अधिक माणसे दगावली. नवे यंत्र पहिल्या दिवसापासून आज्ञेत राहील असे धरून चालता येत नाही. चाचणी उतारूंवाचून, मोकळ्या पाण्यात, तात्काळ यंत्र बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला बांधूनच झाली पाहिजे. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट हवे. फोटो काढण्यासाठी ते उतरवणाऱ्याला काठावरच ठेवावे.

हे सारे कोण करणार? एकट्या शासनाची वाट पाहिली तर होडीच्या फळ्या त्याआधी कुजतील. परवानगी त्यांच्याकडून घ्यावीच लागेल; पण काम आपण वाटून घेऊ शकतो. मोटर आणि बॅटरीचा हिशेब अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी करावा. लाकडाचे काम जाणत्या मिस्त्रीने करावे आणि त्याचे पुरते दाम त्याला मिळावे. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी काय करावे? नदीकाठच्या म्हाताऱ्या नावाड्यांकडे जाऊन नावेच्या प्रत्येक भागाचे इथले नाव, माशांची नावे, डोहांची नावे, पुराच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोकणातल्या नावेचे शब्द निदान कोशांत सापडतात. गोदाकाठच्या होडीचे शब्द त्या माणसांबरोबर जातील. इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी एका वर्षाचा प्रकल्प म्हणून हे हाती घेतले, तर पुढच्या अंकाला निबंधांचा तुटवडा पडणार नाही.

दर उन्हाळ्यात पाणी खाली गेले की होड्या काठावर येतात. काम करायचे असेल तर तोच काळ योग्य. पावसाळा लागला की लाकूडही मिळत नाही आणि मिस्त्रीही. परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात. मे महिना आपल्या हाती आहे.