खरेदीखतापूर्वीची सही

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, वापरणाऱ्या व शिकवणाऱ्या मराठी भाषकांस सविनय निवेदन

एखाद्या बलाढ्य कंपनीने एखादा नावाजलेला मुक्त स्रोत प्रकल्प ताब्यात घेतल्याची वार्ता आली, की आपल्याकडील संगणक-व्यावसायिकांत दोन प्रकारचे उद्गार नेमाने ऐकू येतात. एक पक्ष सारे संपले म्हणून हळहळतो. दुसरा पक्ष, परवाना मुक्त आहे, संहिता प्रत्येकाच्या हाती आहे, तेव्हा घेणाऱ्याने घेतले तरी आपले काय गेले, असे म्हणून निश्चिंतपणे आपल्या कामास लागतो. दोन्ही पक्षांची दृष्टी विक्रीच्या दिवसावर खिळलेली असते, आणि त्यामुळेच दोन्ही पक्ष फसतात. आमचे म्हणणे असे, की प्रकल्पाच्या भवितव्याचा निर्णय त्या दिवसाच्या कितीतरी वर्षे आधी, एखादा हौशी प्रोग्रामर आपली चार ओळींची दुरुस्ती पाठवताना समोर आलेल्या करारनाम्यावर न वाचता सही करतो त्या क्षणीच, बव्हंशी लागून गेलेला असतो. आणि म्हणून ओरड करायची असेल तर ती त्या सहीविरुद्ध केली पाहिजे.

या विधानाची शहानिशा करण्यास सन मायक्रोसिस्टिम्सच्या विक्रीइतके बोलके प्रकरण दुसरे नाही. 2009 च्या एप्रिलात ओरॅकलने सुमारे 7.4 अब्ज डॉलरांना सन विकत घेण्याचे जाहीर केले आणि 2010 च्या जानेवारीत तो व्यवहार पुरा झाला. त्या एका खरेदीखताने जावा, मायएसक्यूएल, ओपनऑफिस, ओपनसोलारिस आणि हडसन एवढ्या प्रकल्पांचे यजमान एका रात्रीत बदलले. परवाने तसेच राहिले, संहितेचे एक अक्षरही कोणी पुसले नाही. आणि तरीही पुढील दीड वर्षात यांतील तीन प्रकल्पांतून कार्यकर्ते निघून गेले आणि त्यांना आपापल्या कामासाठी नवी नावे शोधावी लागली.

ओपनऑफिसची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. 1999 साली सनने स्टार डिव्हिजन ही जर्मन कंपनी घेतली, तिच्या स्टारऑफिसची संहिता 2000 साली जगास खुली केली, आणि त्यानंतर दहा वर्षे देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी तीत भर घातली, दोष काढले, आपापल्या भाषांत तिचे रूपांतर केले. परंतु भर घालणाऱ्या प्रत्येकाकडून सन एक दस्त लिहून घेत असे. त्यान्वये लेखकाचा हक्क लेखकाकडे राहूनही त्याच्या बरोबरीने सनलाही त्या ओळींचा पूर्ण स्वामित्वहक्क प्राप्त होई. साऱ्या गावाने श्रमदानाने विहीर खणावी आणि सातबारावर नोंद मात्र एका पाटलाच्या नावे व्हावी, तशातला हा प्रकार होता. पाटील भला होता तोवर कोणाच्या लक्षात आले नाही. पाटीलकी विकली गेली तेव्हा आले.

2010 च्या 28 सप्टेंबरला या कार्यकर्त्यांपैकी अनेकांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि नव्या यजमानास विनंती केली, की आपणही या संस्थेत यावे आणि ओपनऑफिस हे नाव तिला द्यावे. नाव मिळाले नाही. उलट ऑक्टोबरात, जे सदस्य नव्या संस्थेत गेले आहेत त्यांनी हितसंबंधांच्या विरोधामुळे जुन्या कार्यकारी मंडळातून बाहेर पडावे, असे ओरॅकलच्या बाजूने त्यांना सांगण्यात आले. लिब्रेऑफिस हे नाव तात्पुरते म्हणून घेतले होते, तेच कायम झाले. पुढच्या वर्षी जर्मन कायद्याखाली न्यास नोंदण्यासाठी लागणारे 50,000 युरोचे भांडवल लोकांनी आठ दिवसांत उभे केले, आणि 2012 च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये त्या न्यासाची रीतसर नोंदणी झाली. अशा न्यासाला भागधारक नसतात, त्यामुळे त्याला कोणी विकत घेऊ शकत नाही. आमच्या दृष्टीने या सबंध कथेतील सर्वांत दूरदर्शी कृत्य ते हेच.

आणि जुन्या प्रकल्पाचे काय झाले? त्यातून पैसा मिळण्याची आशा सुटल्यावर ओरॅकलने 2011 च्या जूनमध्ये तो ॲपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केला, आणि स्वाधीन करताना मूळचा एलजीपीएल परवाना बाजूस सारून संहिता ॲपाचीच्या सैल परवान्याखाली देऊ केली. इथे वाचकाने क्षणभर थांबावे. ज्यांनी आपल्या ओळी एका परवान्याखाली दिल्या, त्यांच्या ओळी दुसऱ्या परवान्याखाली गेल्या, आणि हे करताना त्यांतील कोणालाही विचारण्याची आवश्यकता भासली नाही. कारण तो अधिकार त्यांनी स्वतःच्या सहीने पूर्वीच देऊन ठेवलेला होता. नवा परवाना चांगला की जुना, हा वाद इथे गौण आहे. प्रश्न आहे तो विचारण्याचा. त्यात भर म्हणजे नावाची मोहिनी अशी विलक्षण, की 2014 नंतर त्या जुन्या प्रकल्पाने किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे मोठी आवृत्ती काढली नसतानाही लक्षावधी लोक नावावर विसंबून तोच उतरवून घेत राहिले. शेवटी 2020 साली, प्रकल्पाच्या विसाव्या वाढदिवशी, लिब्रेऑफिसच्या मंडळींना अनावृत पत्र लिहून निदान वापरकर्त्यांना आमच्याकडे वाट दाखवा, अशी याचना करावी लागली.

ओपनसोलारिसची कथा याहून संक्षिप्त आहे: 2010 च्या ऑगस्टात संहिता रोजच्या रोज प्रसिद्ध करण्याची वहिवाट बंद झाली आणि नियामक मंडळाने त्याच महिन्यात स्वतःचे विसर्जन केले. हडसनच्या नावावर नव्या यजमानाने हक्क सांगताच 2011 च्या जानेवारीत कार्यकर्त्यांनी प्रचंड बहुमताने जेंकिन्स हे नवे नाव धारण केले. आज जेंकिन्स ठाऊक नसलेला प्रोग्रामर विरळा आणि हडसन ठाऊक असलेला त्याहून विरळा.

मायएसक्यूएलच्या प्रकरणात मात्र रसिकास एक निराळाच विरोधाभास सापडेल. त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी 2009 च्या डिसेंबरात, ओरॅकलच्या हाती हे पडू देऊ नका, अशी जागतिक मोहीम उभारली. युरोपीय आयोगाने महिनोन्महिने चौकशी केली. ओरॅकलने दहा आश्वासने पाच वर्षांच्या मुदतीने जाहीर केली, आणि 2010 च्या जानेवारीत मंजुरी मिळाली. मोहिमेतील कळकळीबद्दल आम्हांस शंका नाही. पण ही मोहीम ज्याच्या रक्षणार्थ होती तो प्रकल्प 2008 साली सुमारे एक अब्ज डॉलरांस सनला विकला गेला होता, आणि विकणाऱ्यांत मोहिमेचे नायकही होते, हे त्यांच्या टीकाकारांनी तेव्हाच दाखवून दिले होते. जी वस्तू विक्रीयोग्य स्थितीत घडवली, ती एकदा विकल्यावर पुढे कोणास विकली जाईल हे ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याकडे उरत नाही. हा बाजाराचा नियम शेतजमिनीस जसा लागू, तसाच संहितेस.

विडेनियस यांनी थोरल्या कन्येच्या नावे मायएसक्यूएल काढले होते; धाकट्या कन्येच्या नावे मारियाडीबी काढले. त्या नावाच्या कंपनीचाही पुढे न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात प्रवेश झाला आणि 2024 साली एका गुंतवणूक संस्थेने ती घेतली. तरीही मारियाडीबीच्या मुख्य सर्व्हरचे दार बंद करणे त्या नव्या मालकास शक्य नाही, आणि का शक्य नाही हे पाहण्यासारखे आहे: त्या संहितेचा पाया मायएसक्यूएलचा, त्याचा स्वामित्वहक्क ओरॅकलचा, आणि ओरॅकलने तो जीपीएल परवान्याखाली दिलेला, सबब एकट्या मारियाडीबीच्या सहीने परवाना बदलत नाही. ज्या ओरॅकलच्या भयाने हे सारे घडले, तिचाच हक्क आता तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या स्वातंत्र्याचे कुलूप होऊन बसला आहे. मालकी वाटली गेली की वस्तू विकता येत नाही, याचे याहून चमत्कारिक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

याच तत्त्वावर लिनक्सचे कर्नल उभे आहे. तिथे भर घालणारा कोणाच्याही नावे हक्क लिहून देत नाही. ही ओळ देण्याचा मला अधिकार आहे, एवढीच ग्वाही तो सहीनिशी देतो, आणि ही पद्धत 2004 पासून चालू आहे. परिणामी कर्नलचा स्वामित्वहक्क हजारो व्यक्तींत आणि शेकडो कंपन्यांत विखुरलेला आहे, आणि जगातील सर्वांत धनाढ्य कंपनीने मनात आणले तरी तिला खरेदीखत कोणाकडून करून घ्यावे हेच उमगणार नाही. अव्यवस्था म्हणून ज्याची हेटाळणी होते, तीच इथे तटबंदी ठरली आहे.

नाव आणि माणसे हाती आली की संहितेची गरज उरत नाही, हे सेंटओएसने शिकवले. 2014 च्या जानेवारीत सेंटओएसचे व्यापारचिन्ह आणि त्याचे प्रमुख कार्यकर्ते रेड हॅटच्या छत्राखाली गेले. त्या वेळी सर्वत्र आनंदच व्यक्त झाला, कारण स्वयंसेवकांच्या ओढाताणीस आता पगाराचा आधार मिळणार होता. 2019 साली आयबीएमने 34 अब्ज डॉलरांना रेड हॅट घेतली. 2020 च्या 8 डिसेंबरला जाहीर झाले, की सेंटओएस लिनक्सची आठवी आवृत्ती, जिला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळतील अशी लोकांची समजूत करून दिली होती, ती 2021 च्या अखेरीस थांबेल. ज्या विद्यापीठांनी, प्रयोगशाळांनी आणि लहान उद्योगांनी त्या तारखेवर भिस्त ठेवून आपले सर्व्हर उभारले होते, त्यांना वर्षभरात बिऱ्हाड हलवणे भाग पडले. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एकाने लागलीच रॉकी लिनक्स सुरू केले, अल्मालिनक्सही उभे राहिले, आणि यजमान बदलाचा हा तडाखा बहुतेकांनी सोसला. पण तो सोसण्यात खर्ची पडलेली मनुष्यशक्ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

या ठिकाणी प्रतिपक्षाचे म्हणणे न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओरॅकलने मायएसक्यूएल मारले नाही, 5.6, 5.7 आणि 8.0 या आवृत्त्या तिच्याच पगारी अभियंत्यांनी काढल्या आणि त्या उत्तम होत्या. ओपनजेडीके आजही जिवंत आहे. आपल्या पुण्यात रेड हॅटची मोठी कचेरी आहे. ज्या लोहित देवनागरी टंकात असंख्य लिनक्स संगणकांवर मराठी वाचली गेली, त्याचा खर्च त्याच कंपनीने सोसला, आणि तो टंक मुक्त परवान्याखाली असल्यामुळे आयबीएम आली काय किंवा आणखी कोणी आले काय, त्याच्या वेलांटीस धक्का लागत नाही. कंपन्यांचा पैसा नको, असे आम्ही म्हणत नाही. फुकट राबणाऱ्या दोन-चार थकलेल्या माणसांच्या जिवावर अर्धे जग चालवणे, यात कसलीही उदात्तता नाही. व्यापारी व्यापाऱ्यासारखा वागला म्हणून त्याच्यावर रागावणेही आम्हांस पोरकट वाटते. आमचा राग आहे तो त्याला न मागता कुलमुखत्यारपत्र लिहून देणाऱ्या आपल्याच भोळसटपणावर.

कारण हे कुलमुखत्यारपत्र विक्रीपूर्वीही वापरले जाते. हाशीकॉर्पने 2023 च्या ऑगस्टात टेराफॉर्मचा मुक्त परवाना काढून घेतला आणि स्पर्धकांस मज्जाव करणारा परवाना लावला. आठ महिन्यांनी आयबीएमने ती कंपनी 6.4 अब्ज डॉलरांना घेत असल्याचे जाहीर केले. बाहेरच्या लोकांनी दिलेल्या ओळींसह सारी संहिता नव्या परवान्याखाली नेता आली, ती अर्थातच त्यांनी केलेल्या करारनाम्यांच्या बळावर. कार्यकर्त्यांनी ओपनटोफू काढून लिनक्स फाउंडेशनकडे नेले. पुन्हा तेच: नवे नाव, नवे घर, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्यांची दिशाभूल.

तेव्हा पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, पणजी येथे किंवा सातासमुद्रापलीकडे बसून जो कोणी मराठी प्रोग्रामर आपली संध्याकाळ एखाद्या मुक्त प्रकल्पास देत असेल, त्यास आमची विनंती आहे, की पहिली ओळ पाठवण्यापूर्वी समोरचा करारनामा वकिलाच्या डोळ्यांनी वाचावा. लेखकाने केवळ आपल्या अधिकाराची ग्वाही द्यावी असे तो म्हणत असेल तर खुशाल सही करावी. हक्क नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या नावे करून द्या, किंवा तिला हवा तो परवाना लावण्याची मुभा द्या, असे म्हणत असेल तर सही करू नये, आणि का केली नाही हे प्रकल्पाच्या दप्तरात सर्वांदेखत लिहावे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही काही प्रकल्पांसाठी हक्क मागते. पण संहिता मुक्तच ठेवीन असे प्रतिवचन ती त्याच दस्तात देते. कंपनीने तसे लेखी प्रतिवचन दिल्यास आमची तक्रार उरत नाही.

ज्यांच्या हाती प्रकल्पाची सूत्रे आहेत, त्यांनी नाव आणि चिन्ह आपल्या वा मालकाच्या नावे न ठेवता न्यासाकडे वर्ग करावे, आणि तेही प्रकल्प लहान असताना, कारण मोठा झाल्यावर ते कोणी करू देत नाही. केंद्र सरकारने 2015 साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण काढले, ते स्तुत्यच आहे. परंतु शासकीय खाती, विद्यापीठे आणि ग्रंथालये यांनी सॉफ्टवेअर निवडताना परवान्याचा कागद पाहून समाधान मानू नये. नाव कोणाच्या मालकीचे, हक्क किती हातांत वाटलेला, आणि दुरुस्त्या देणाऱ्यांपैकी एकाच कंपनीच्या हजेरीपटावर कितीजण, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे निविदेच्या कागदपत्रांतच मागवावीत, आणि ज्या न्यासांच्या संहितेवर आपले दप्तर चालते त्यांस वार्षिक अंदाजपत्रकात वर्गणीची तरतूद करावी. खाजगी परवान्यांस दरसाल जो पैसा जातो त्याचा शतांशही यास पुरेल. ही मागणी घेऊन आम्ही येत्या सत्रात महाविद्यालयांच्या संगणक विभागांकडे जाणार आहोत. ज्या प्राध्यापकांस व विद्यार्थ्यांस ती मान्य असेल त्यांनी हे पत्रक आपल्या विभागाच्या सूचनाफलकावर लावावे, त्याच्या हव्या तितक्या प्रती काढाव्यात, आणि मजकुरात काही खोडसाळ किंवा चुकीचे आढळल्यास दुरुस्त करून पुढे द्यावे.