टीसीएलने नायट्रेट जात नाही! पाण्याचा अहवाल फलकावर लावा!

श्रीरामपूर तालुक्यातील बंधू-भगिनींनो,

1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. प्रवरेचे पाणी कालव्याने शिवारात खेळले आणि आपला तालुका उसाचा झाला. या पाण्याने आपली घरे उभी केली. आता त्याच शिवारातल्या विहिरींचा प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्र द्यावे, अशी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. त्यावर अंदाजाने आणखी युरिया टाकला आणि पाटपाणी मोकळे सोडले, की उसाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन झिरपते. ते विहिरीत उतरते, बोअरमध्ये उतरते आणि तिथून आपल्या हंड्यात येते.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) जंतू मरतात, तुरटीने गाळ बसतो. नायट्रेट तसेच राहते. पाणी उकळून आटवले तर त्याचे प्रमाण उलट वाढते. वरच्या दुधावरचे तान्हे बाळ असे पाणी प्यायले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडू शकते. म्हणूनच भारतीय मानकाने लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. त्यापुढे सवलत नाही.

आपल्या गावच्या विहिरीत हा आकडा किती आहे? तुम्हाला कोणी सांगितला?

ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले, की सगळे निश्चिंत होतात. ते कार्ड विहिरीभोवतीची स्वच्छता, गळती आणि टीसीएलची व्यवस्था पाहून मिळते. नायट्रेटचा हिशेब त्यात नाही. जलजीवन मिशनमध्ये वर्षातून एकदा रासायनिक व दोनदा जैविक तपासणी ठरलेली आहे. गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचे, हेही ठरलेले आहे. पण अहवाल दप्तरात पडून राहिला, तर पाणी पिणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

‘जार घ्या’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ऊसतोड कामगाराच्या खोपीवर रोज जार कोण पोचवणार? आणि सील नसलेल्या जारमधले पाणी कोणी, कधी तपासले? प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितले. तो हक्क विकत घ्यायला लावू नका.

हे पत्रक शेतकऱ्याच्या विरोधात नाही. वाया जाणारे खत त्याच्याच पैशाचे आहे. माती परीक्षण करून, हप्त्याहप्त्याने आणि शक्य तिथे ठिबकमधून खत दिले, तर खर्च वाचतो आणि विहीरही वाचते.

आमच्या मागण्या:

1. पिण्याच्या प्रत्येक विहिरीचा व बोअरचा नायट्रेटसह अहवाल तारखेनिशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.
2. मर्यादेपुढे गेलेल्या उद्भवावर ‘पिण्यास अयोग्य’ अशी ठळक पाटी लावा आणि त्या वस्तीला तातडीने दुसरे पाणी द्या.
3. तान्ही बाळे असलेल्या घरांना आशाताईंमार्फत नायट्रेटच्या धोक्याची माहिती द्या.
4. पाणी विकणाऱ्या प्रत्येक जारकेंद्राची नियमित तपासणी करून निकाल जाहीर करा.

बेलापूर, टाकळीभान, उंदीरगाव, पढेगाव, वडाळा महादेव आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावातील मायबहिणींनो, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला या. पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नमुना कधी घेतला आणि नायट्रेट किती निघाले, हे लेखी मिळाल्याशिवाय उठू नका!

आपले,
श्रीरामपूर तालुक्यातील सहनागरिक