मैदानाचा एक तास

आठवीत गेली की मुलगी मैदानावरून नाहीशी होते. इथं बेंबळीत आम्ही हे वर्षानुवर्षं पाहतो आहोत. सातवीपर्यंत खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी पोर एके दिवशी खेळाच्या तासाला पायरीवर बसलेली दिसते. विचारलं तर, "अम्मी नको म्हणते." अम्मीला विचारलं तर, "खेळाला ना नाही हो, पण तिथं पोरं असतात."

त्यांचं तरी काय चुकलं? मैदान पोरांच्या क्रिकेटनं भरलेलं असतं आणि कडेला बघे उभे असतात.

ठाणे जिल्ह्यातल्या मुंब्र्यात हाच प्रश्न होता. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबई सोडून आलेल्या असंख्य मुस्लिम कुटुंबांची ही दाट वस्ती. तिथं २०१२ साली सबाह खान यांनी मुलींचा फुटबॉल संघ जमवायला घेतला. चाळीस मुली हव्या होत्या. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी घरोघरी गेल्या, आई-वडिलांशी बोलल्या. संघ जमला, पण खेळायचं कुठं? मग मुलींनीच सह्यांची मोहीम काढली आणि मैदानावर आमचाही हक्क आहे, अशी मागणी लोकप्रतिनिधींपुढं ठेवली. यातूनच 'परचम' ही संस्था उभी राहिली. पुढं तिथं मुस्लिम मुलींच्या जोडीला हिंदू मुलीही खेळू लागल्या. सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांची नावं ही मंडळी अभिमानानं घेतात.

आम्हाला यातली एक गोष्ट फार आवडली. डोकं झाकून खेळायचं की न झाकता, यावर त्यांनी खेळ अडवला नाही. अडवणारे दुसरीकडंही आहेतच. २०११ मध्ये इराणच्या मुलींचा संघ जॉर्डनमध्ये ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळायला उतरला, तेव्हा डोक्यावरच्या रुमालावरून त्यांना खेळू दिलं नाही. मुली मैदानात रडल्या. २०१४ मध्ये तो नियम बदलला आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. एकानं म्हणायचं रुमाल काढ, दुसऱ्यानं म्हणायचं घरी बस. पोरीनं जायचं कुठं?

हजरत आयशा (रजि.) यांनी नबी करीम (सल्ल.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती आणि जिंकलीही होती. पुढं पुन्हा शर्यत झाली, तेव्हा आप (सल्ल.) पुढं गेले आणि ही त्या वेळची फेड, असं म्हणाले. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. जुम्म्याच्या बयानात ती क्वचितच ऐकू येते.

आम्ही शाळेत अर्ज दिला आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास मैदान फक्त मुलींना द्यावं. बाई हजर राहतील, आयांनीही लिंबाखाली येऊन बसावं. नऊ आयांच्या सह्या झाल्या आहेत. पायरीवर बसणाऱ्या त्या पोरीच्या अम्मीची अजून व्हायची आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "बॉल कोण आणणार?"