आवाज वाढला म्हणजे भक्ती वाढली काय?

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या बैठकांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘तरुण पोरे हवी असतील तर त्यांच्या आवडीचे वाजवावेच लागेल.’ हे वाक्य उच्चारले की चर्चा संपते. ज्येष्ठ मंडळी मान खाली घालतात, खजिनदार वर्गणीचा आकडा वाढवतो आणि मिरवणुकीसमोर ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते. मात्र या विधानाची परीक्षा कोणी घेत नाही. तरुणांना आवडणारे संगीत उचलून त्यात देवाचे नाव भरले की तरुण धर्माकडे वळतो, हे गृहीत खरे आहे काय?

या गृहीताचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग अमेरिकेत झाला. तेथील चर्चच्या तरुण मंडळांनी रॉक उचलले, रॅप उचलले आणि १९९० च्या दशकात ‘पॉप-पंक’ही उचलले. पॉप-पंक म्हणजे वेगाने झोडपलेली गिटार, ढणढणणारे ड्रम, चटकन ओठांवर बसणारी चाल आणि शाळकरी थट्टामस्करी. ओहायो राज्यातील कॅन्टन येथे १९९८ मध्ये निघालेला ‘रिलायंट के’ हा बँड या प्रवाहाचा ठळक प्रतिनिधी. नाव घेतले ते एका वादकाच्या मोटारीवरून! त्यांचा पहिला अल्बम २००० मध्ये ‘गोटी रेकॉर्ड्स’ या ख्रिस्ती संगीताच्या कंपनीने काढला. गाण्यांत येशूचे नाव होते, पण त्याच्या भोवती विनोद, शाळेतील नृत्य आणि पोरकट खोड्या यांचीच दाटी होती.

यापुढे जे घडले ते मंडळांच्या कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये या बँडचा ‘म्म्हम्म’ हा अल्बम आला. नाव विचित्र, पण ऐकणाऱ्याला फरक तत्काळ जाणवला. गिटारीचा वेग कायम होता, मात्र पियानोला मानाची जागा मिळाली होती. एका गाण्यात तर अमेरिकी लोकसंगीतातील बँजो आला. थट्टा ओसरली. गायक मॅट थिसन आपल्याच चुकांविषयी, मोडलेल्या नात्यांविषयी, पश्चात्तापाविषयी आणि क्षमेच्या याचनेविषयी गाऊ लागला. समीक्षकांनी याला प्रौढत्व म्हटले. पुढे या अल्बमला अमेरिकेतील ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळाले. ते पाच लाख प्रतींच्या टप्प्यावर मिळते.

म्हणजे आवाज वाढल्याने हे गायन प्रौढ झाले नाही. गायकाने बोट दुसऱ्याकडे न दाखवता स्वतःकडे वळवले, तेव्हा ते प्रौढ झाले. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटू नये. स्वतःच्या दोषांची निर्भय झाडाझडती हा तुकोबांच्या अभंगांचा प्राण आहे. जे अमेरिकी तरुणांना काही वर्षांनी गवसले, ते देहूच्या वाण्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी माणसाच्या हाती देऊन ठेवले आहे. प्रश्न इतकाच की, ज्याच्या घरात हे धन आहे तो ते उघडून पाहतो की नाही.

गर्दी हा श्रद्धेचा पुरावा नव्हे, याचाही दाखला याच प्रवाहात आहे. ‘हॉक नेल्सन’ हा कॅनडातील असाच बँड. पॉप-पंकपासून आरंभ करून तो पुढे सौम्य प्रार्थनागीतांकडे वळला. त्याचा प्रमुख गायक जॉन स्टाइनगार्ड याने २०२० मध्ये जाहीर केले की, आपला आता ईश्वरावर विश्वास उरलेला नाही. यात हिंदूंनी टाळ्या पिटण्यासारखे काही नाही. एखाद्याची श्रद्धा हरपणे हा उपहासाचा विषय होऊ शकत नाही. मात्र हजारोंना नाचवणारा मंच आणि अंतःकरणातील निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून निश्चित शिकावे.

परक्यांना कळलेली किंमत

गीताचे सामर्थ्य ओळखण्यात ख्रिस्ती प्रचारक कधीच मागे नव्हते. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ लिहिले, ते ज्ञानेश्वरीच्या ओवी छंदात. १६१६ मध्ये रायतूर येथे ते छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. बायबल मराठी मनात उतरवायचे तर ओवीखेरीज वाट नाही, हे त्या परदेशी माणसाला उमगले होते. आणि त्याच गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने लग्नसमारंभांतील ओव्या गाण्यावर बंदी घातली! एकाने ओवी उचलली, दुसऱ्याने ओवीचा गळा आवळला. पण समाजाचा जीव त्याच्या गाण्यात असतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण अधिक जवळचे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाविषयीचे मतभेद आजही कायम आहेत आणि ते राहतील. तथापि विलायती चालींवरची भाषांतरित स्तोत्रे मराठी माणसाच्या कंठात बसत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि अभंग, भजन, कीर्तन यांची वाट धरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. धर्म बदललेल्या कवीला जो अभंग सोडवला नाही, तो अभंग धर्मात राहिलेल्यांच्या उत्सवातून हद्दपार व्हावा, यापरते दुर्दैव कोणते?

शुद्धतेचा अहंकारही नको

येथे दुसऱ्या बाजूलाही खडसावणे आवश्यक आहे. ‘नवे काही नकोच’ म्हणणारे वडीलधारे ज्या पेटीवर भजन म्हणतात, ती हार्मोनियम युरोपातून आली. भजनी मंडळांनी ती इतकी आपलीशी केली की आज तिच्याविना भजन सुने वाटते. पंडित भीमसेन जोशी यांनी ‘संतवाणी’तून अभंग शास्त्रीय मैफलीच्या श्रोत्यांपुढे नेला. श्रीनिवास खळे यांच्या चालींवर लता मंगेशकर यांनी तुकोबा गाईले. अलीकडे मुंबईतील ‘अभंग रिपोस्ट’ हा तरुणांचा चमू गिटार आणि ड्रमच्या साथीने अभंग गातो. हे सारे नवेच होते. नवेपणा हा अपराध नव्हे. कसोटी एकच: वाद्य शब्दाची सेवा करते की शब्द वाद्याखाली चिरडला जातो?

ध्वनिवर्धकांच्या भिंतीला ही कसोटी लावून पाहावी. तेथे शब्द ऐकूच येत नाही, कारण तो ऐकू यावा अशी कोणाची इच्छाच नसते. केंद्राच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. सवलतीचे दिवस मोजकेच असतात. हे नियम धर्मविरोधी असल्याची ओरड होते. पण शेजारच्या घरातील तान्हे मूल आणि हृदयविकाराचा रुग्ण हेही हिंदूच असतात, याचे उत्तर ओरडणाऱ्यांपाशी नसते.

चामटोलीपासून आरंभ व्हावा

बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यानचे चामटोली व त्याचा परिसर आज वेगाने बदलतो आहे. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे या पट्ट्यात येऊन राहत आहेत. जुनी गावे आणि नव्या इमारती शेजारी उभ्या आहेत, पण एकमेकांना ओळखत नाहीत. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस येथे पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांच्या मदतीला बचाव पथकांच्या बरोबरीने ग्रामस्थही धावले. ही माणुसकी कोणत्याही भिंतीने शिकवलेली नाही. एकत्र बसणाऱ्या, एकमेकांना नावाने हाक मारणाऱ्या गावातच ती वाढते.

गाव आणि इमारत यांना एकत्र बसवणारे साधन हाताशी आहे. याच मार्गावरच्या लोकल गाड्यांत नोकरदार मंडळी टाळ घेऊन भजन म्हणत आली आहेत. डब्यात ना मंच, ना रोषणाई. कोण कोणत्या जातीचा, कोणत्या इमारतीतला, हेही कोणी विचारत नाही. तेच भजन सोसायटीच्या आवारात आणि गावच्या देवळात आठवड्यातून एक संध्याकाळ उतरावे. ध्वनिवर्धकांच्या भिंतीवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशांत दोन मृदंग, एक पेटी आणि शिकवणाऱ्या बुवांचे मानधन सहज भागेल. गिटार वाजवणारा मुलगा आला तर त्यालाही बसवून घ्यावे. फक्त आधी अभंग पाठ करून घ्यावा आणि त्याचा अर्थ सांगावा.

ओहायोतील पोरांना थट्टेपासून आत्मपरीक्षणापर्यंत यायला काही वर्षे लागली. येथील तरुणाला तेथवर नेणारा अभंग घरातच आहे. तो त्याच्या कानावर पडेल इतकी शांतता निर्माण करणे, हे आता मंडळांचे काम आहे.