सभा बंद पडली आणि भांडण घरात शिरलं



तुम्ही म्हणाल, आपले वनहक्काचे दावे पडून आहेत आणि ही पोरं कॅनडाचं काय घेऊन बसली? पण ऐका. तिथं २००८ च्या शेवटी जे झालं ते आपल्या गावात झाल्यासारखंच आहे.

१४ ऑक्टोबर २००८ ला तिथं निवडणूक झाली. जागा ३०८. तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या पक्षाला १४३ मिळाल्या, म्हणजे बहुमत नाही. विरोधात लिबरल ७७, ब्लॉक ४९, न्यू डेमोक्रॅटिक ३७. नोव्हेंबरच्या शेवटी सरकारनं सांगितलं, पक्षांना मतांमागे मिळणारा सरकारी पैसा बंद आणि सरकारी कामगारांच्या संपावर बंदी. तेव्हा विरोधक एक झाले. १ डिसेंबरला लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिकनं करारावर सह्या केल्या, ब्लॉकनं बाहेरून पाठिंबा दिला. ८ तारखेला अविश्वासाचं मतदान होणार होतं.

हार्पर काय करतात? ४ तारखेला गव्हर्नर जनरलकडे जातात आणि २६ जानेवारीपर्यंत संसदच बंद करून घेतात. सरपंचाला कळावं की आपल्याविरुद्ध ठराव येतोय, आणि त्यानं सभाच पुढे ढकलावी, तसं. याच सभागृहात याच हार्परनी जूनमध्ये तिथल्या आदिवासींची माफी मागितली होती, मुलांना घरातून तोडून वसतिशाळांत कोंडलं म्हणून. आणि आदिवासी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला २००७ साली याच सरकारनं विरोध केला होता. अशा सरकारला जाब विचारायची जागाच सात आठवडे बंद राहिली. आम्ही याला सरळ पळवाट म्हणतो.

पण सगळा दोष हार्परचाच, असं म्हणून आम्ही सुटणार नाही. त्या सात आठवड्यांत विरोधकांनी काय केलं ते बघा.

लिबरलचे पुढारी दियाँ निवडणूक हरल्यावर पद सोडतो म्हणून सांगून बसलेले. आणि तेच पंतप्रधान होणार होते! त्यांनी ३ डिसेंबरला टीव्हीवर भाषण दिलं, तर त्याची टेप उशिरा पोचली आणि चित्रही धूसर. निवडणुकीत हेच म्हणाले होते की न्यू डेमोक्रॅटिकबरोबर युती करणार नाही. मग लोकांना वाटलं, आम्हाला न विचारताच जमवलं की हे. संसद बंद झाल्यावर आठवड्यातच दियाँ बाजूला झाले. बाकीचे उमेदवार हटले आणि १० डिसेंबरला इग्नाटिएफ पुढारी झाले. पक्षाच्या साध्या सभासदांचं मतदान झालंच नाही. जानेवारीत संसद उघडली, बजेट आलं आणि इग्नाटिएफनी वेळोवेळी अहवाल देण्याच्या अटीवर त्याला पाठिंबा दिला. युती संपली. हार्पर खुर्चीवर तसेच राहिले.

कुणी म्हणेल, पडका पुढारी बदलला त्यात चूक काय? बदलणं चूक नाही. पण एकी जर सहीपुरतीच असेल, तर पुढारी बदलला की ती पण जाते.

आमच्या एका पाड्यावर असंच झालं. २०१२ आधीच्या नियमाप्रमाणे लागणारी दोन तृतीयांश हजेरी भरली नाही म्हणून ग्रामसभा तहकूब झाली. पुढच्या सभेपर्यंत आपलीच माणसं वनहक्क समितीचा अध्यक्ष कोण यावर भांडत बसली. चौकाचौकात दोन गट पडले. दुसऱ्या सभेला रागानं निम्मे लोक आलेच नाहीत आणि प्लॉटची मोजणी राहून गेली. ज्यानं सभा ढकलली त्याला काहीच करावं लागलं नाही, आपणच त्याचं काम केलं.

म्हणून आमचं म्हणणं आहे, सभा तहकूब झाली तर पुढची तारीख तिथंच प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. मधल्या दिवसांत पाड्यापाड्यावर बसा, म्हाताऱ्यांचे जबाब घ्या, कागद जमवा. अध्यक्ष बदलायचा असेल तर बदला, पण सगळ्यांसमोर, बायांना विचारून, कुणाच्या ओसरीवर चार जणांत नाही. आणि दावा माणसाच्या नावावर उभा करू नका, गावाच्या ठरावावर करा. माणूस गेला तरी ठराव राहतो.

सभा त्यांनी बंद केली तरी गाव कोण बंद करणार?

जिंदाबाद!